गरम-थंड खाल्ल्याने दातातलं बाँडिंग सुटतं का?

रामबागकर
नमस्कार मंडळी. आईच्या वरच्या सुळ्याला मानेशी, अगदी हिरडीलगत, झीज झाली होती. तिथे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, भरून घेतलं. वर्ष व्हायच्या आत ते अख्खंच्या अख्खं निघून हातात आलं. तुकडा माझ्याकडे आहे. भिंगातून पाहिला तर आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत दिसते, कुठे तुटल्याची खूण नाही.

जिथे भरलं होतं तिथे आम्हाला सांगितलं, "तुम्ही इंदूरची माणसं तळलेला गरमागरम गराडू कंद खाऊन वर थंड शिकंजी पिता. तापमानाच्या फरकाने बाँड सुटतो, त्याला आम्ही काय करणार?" आईला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन वर्षं झाली. पण तिने ते मनावर घेतलं. आता चहा कोमट करून पिते, कुल्फी बंद, सकाळचे पोहेसुद्धा निवल्यावर खाते. मला हे बघवत नाही.

तापमानाचा दातातल्या चिकटवणीवर खरंच किती परिणाम होतो? कोणी या क्षेत्रातलं असेल तर नीट समजावून सांगा. फिलिंग पुन्हा करून घ्यायचंच आहे.

दंतशलाका
मी इंदुरातच प्रॅक्टिस करते. आधी महत्त्वाचं: आईंना चहा गरम पिऊ द्या आणि पोहेही गरम खाऊ द्या. वाफाळता चहा आणि कुल्फी पेलता यावी म्हणूनच तर फिलिंग करतात. रोजच्या जेवणाने जे सुटतं ते मुळात नीट चिकटलेलंच नव्हतं, असं मी धरून चालते.

तापमानाचा परिणाम होतो हे मात्र खरं आहे, आणि चांगलाच होतो. पण तो पेशंटच्या ताटातून कमी आणि आमच्या क्लिनिकमधून जास्त होतो. बाँडची, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची, बाटली कुठे ठेवली होती, ती वापरताना किती गार होती, त्यातलं द्रावक उडालं का, खोलीत किती ऊन किंवा गारठा होता, या गोष्टींबद्दल पेशंटला कोणी काही सांगत नाही, आणि आम्ही डॉक्टरही त्याकडे हवं तितकं बघत नाही. म्हणून या धाग्यावर जरा सविस्तर लिहायची इच्छा आहे.

तुमच्याकडच्या तुकड्याबद्दल. आतली बाजू गुळगुळीत असेल आणि दातावरही काही उरलं नसेल, तर सांधा दात आणि बाँड यांच्या मधोमध उलगडला आहे. मटेरियल कमकुवत असतं तर ते मधूनच तुटलं असतं आणि थोडं दातावर चिकटून राहिलं असतं. मानेजवळची ती जागा तशी अवघडच. तिथे खाली इनॅमल (दाताचं वरचं कडक कवच) जवळजवळ नसतं, डेंटिन (कवचाखालचा थर) असतं, आणि वयानुसार ते डेंटिन घट्ट, चकचकीत झालेलं असतं. बाँड त्यात शिरायला नाखूष असतो.

इनॅमल आणि डेंटिन यांतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिन त्यात घट्ट अडकतं. ते तंत्र आजही तितकंच भरवशाचं आहे. डेंटिनचं तसं नाही. त्यात पाणी आहे, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आहेत. ॲसिडने खनिज निघून गेलं की ते धागे उघडे पडतात, आणि त्यांच्यामध्ये बाँड झिरपून तिथेच घट्ट व्हावा लागतो. नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये या मिश्र थराचं वर्णन केलं. जाडी म्हणाल तर काही मायक्रोमीटर. तापमानाची सगळी गंमत-जंमत, खरं म्हणजे सगळी पडझड, या एवढ्याशा थरात होते.

रेणू_साखळी
मी दातांचा डॉक्टर नाही. पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात पॉलिमरमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. गरम-थंडाचा हिशोब मांडून पाहू.

तापमान एक अंशाने वाढलं की इनॅमल दशलक्षात साधारण 11 भाग प्रसरण पावतं, डेंटिन त्याहून थोडं कमी. कंपोझिटमध्ये रेझिन असल्याने ते जास्त फुगतं: त्यात काचेची पूड किती आहे त्यानुसार 25 ते 50 च्या आसपास. आपण 30 धरू. म्हणजे दात आणि फिलिंग यांच्यात अंशामागे सुमारे 20 भागांचा फरक. तोंडात एकदम 5 अंशांवरून 55 अंशांवर उडी घेतली असं समजा. फरक 50 अंश. 4 मिलिमीटर रुंदीच्या फिलिंगसाठी गुणाकार केला तर 0.004 मिलिमीटर येतात, म्हणजे 4 मायक्रोमीटर.

आता दुसरी बाजू. निळा लाइट लावून कंपोझिट कडक करतात तेव्हा ते आकसतं. घनफळात 2 ते 3 टक्के म्हणजे लांबीत एक टक्क्याच्या थोडं आत. त्याच 4 मिलिमीटरला 30 मायक्रोमीटरहून अधिक. सगळंच आकसणं सांध्यावर ताण म्हणून येत नाही, कारण सुरुवातीला मटेरियल मऊ असतं आणि थोडं वाहून जुळवून घेतं. तरी मोठा झटका कोणता ते यावरून दिसतंच. लाइट लावल्याच्या पहिल्या मिनिटात सांध्याला जे सोसावं लागतं, त्यापुढे एका कुल्फीचं काही नाही.

शिवाय दात आणि कंपोझिट दोन्ही उष्णतेचे मंद वाहक आहेत. चहाचा घोट तोंडात राहतो किती वेळ? वरचा थर तापेपर्यंत घोट पोटात गेलेला असतो. आतल्या सांध्यापर्यंत 50 अंशांची उडी पोहोचतच नाही.

एमडीएस_द्वितीय
काकांचा हिशोब बरोबर आहे, पण "काही नाही" हे मला थोडं जास्त वाटतं. एका घोटाने काही होत नाही, मान्य. पण हेच वर्षानुवर्षं, रोज कितीतरी वेळा होतं. थकवा येऊन सांधा उलगडतो तो असाच.

मी सध्या याच विषयावर प्रबंधाचं काम करतेय, त्यामुळे थर्मोसायकलिंगबद्दल सांगते. काढलेले दात घ्यायचे, त्यांवर बाँड आणि कंपोझिट लावायचं, 37 अंशांच्या पाण्यात 24 तास ठेवायचं. मग पाण्याच्या दोन टाक्या, एक 5 अंशांची आणि एक 55 अंशांची. नमुने एकीतून दुसरीत, प्रत्येकीत निदान 20 सेकंद, असे आलटून पालटून बुडवत राहायचे. आयएसओच्या जुन्या शिफारशीत 500 चक्रं आहेत. ती फारच कमी आहेत असं आता बहुतेक जण मानतात. गेल आणि डार्व्हेल यांनी 1999 च्या आढाव्यात 10,000 चक्रं म्हणजे साधारण एका वर्षाचा वापर असा अंदाज मांडला. तेव्हापासून सगळे तोच आकडा धरतात. तो मोजलेला आकडा नाही. दिवसाला 20 ते 50 वेळा तोंडातलं तापमान वर-खाली होत असेल असं धरून तो काढला आहे.

त्यानंतर नमुन्याची बारीक कांडी कापून यंत्रात ओढायची आणि किती मेगापास्कल (ताणाचं एकक) ताणाला सुटते ते बघायचं. ढोबळ चित्र असं: ॲसिड लावलेल्या इनॅमलवरचा सांधा थर्मोसायकलिंगनंतरही बऱ्यापैकी टिकतो. डेंटिनवरचा उतरतो, आणि कोणता बाँड वापरलाय त्यावर किती उतरतो ते ठरतं. सगळं एकाच बाटलीत असलेले जुने पातळ बाँड सहसा जास्त घसरतात. ज्यांत 10-एमडीपी नावाचा मोनोमर (रेझिनच्या साखळीचा सुटा रेणू) असतो ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतात, ते तुलनेने टिकाव धरतात.

रेणू_साखळी
ताई, एक शंका. 55 अंशांच्या पाण्यात नमुना तास न् तास बुडवला की नुसतं प्रसरण-आकुंचन होत नाही. पाणी पॉलिमरमध्ये शिरतं, साखळ्या सैल होतात, आणि रेझिनमधले एस्टर नावाचे रासायनिक बंध पाण्याने तुटतात. तापमान जितकं जास्त तितकी ही क्रिया वेगवान. मग तुमच्या चाचणीत जी घसरण दिसते ती ताणामुळे की शिजल्यामुळे, हे वेगळं कसं करता?

एमडीएस_द्वितीय
अगदी मुद्द्याचा प्रश्न. माझ्या गाइडनीही हाच विचारला होता. पूर्णपणे वेगळं करता येत नाही. म्हणून एक गट तेवढाच वेळ स्थिर 37 अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि तुलना करतात. डेंटिनच्या बाबतीत पाण्याचा वाटा मोठा निघतो. त्यात डेंटिनमध्येच एमएमपी नावाची एन्झाइम्स असतात. ॲसिडने ती जागी होतात, आणि ज्या कोलॅजनला रेझिनने नीट वेढलेलं नाही ते हळूहळू कुरतडतात. म्हणून काही जण ॲसिड धुतल्यावर 2 टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावतात, त्याने ती एन्झाइम्स दबतात.

म्हणजे आईंच्या दाताबाबत गराडूपेक्षा पाण्यावर संशय घ्यायला जास्त जागा आहे.

दंतशलाका
आता मुख्य विषयाकडे येते.

बाँडच्या बाटलीत तीन गोष्टी असतात असं समजा: दाताला चिकटणारे मोनोमर, त्यांना पातळ ठेवणारं द्रावक, आणि लाइटने क्रिया सुरू करणारं रसायन. द्रावक म्हणजे ॲसिटोन, इथेनॉल किंवा पाणी, बहुधा यांचं मिश्रण. दातावर बाँड चोळायचा, मग हवा मारून द्रावक उडवायचं, मग लाइट. द्रावक आत राहिलं तर त्या जागी रेझिनची साखळी तयार होत नाही. थर मऊ, सच्छिद्र राहतो आणि पुढे पाणी तिथूनच आत शिरतं.

बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरली तर? बाँड घट्टसर असतो, डेंटिनच्या बारीक जाळ्यात शिरत नाही. द्रावक थंड असल्याने उडत नाही. लाइट लावल्यावर साखळ्या जुळण्याचं प्रमाणही कमी पडतं, कारण ती क्रिया तापमानावर अवलंबून आहे. गार बाटलीतला बाँड आणि खोलीच्या तापमानाचा बाँड यांची तुलना केलेल्या चाचण्यांत सगळ्याच ब्रँडना फटका बसत नाही, पण बऱ्याच ठिकाणी गार बाँड मागे पडतो. शिवाय दमट हवेत गार बाटलीचं झाकण उघडलं की आत दव धरतं.

उलट बाटली फ्रिजबाहेर मे महिन्यात पडून राहिली तर वेगळंच संकट. सेल्फ-एच (वेगळं ॲसिड न लावता चालणारे) आणि युनिव्हर्सल (ॲसिड लावून किंवा न लावता, दोन्ही प्रकारे चालणारे) बाँड आम्लधर्मी असतात, त्यांत पाणीही असतं. आम्ल, पाणी आणि उष्णता एकत्र आली की मोनोमरचे एस्टर बंध बाटलीतच तुटायला लागतात. रंग बदलत नाही, वास बदलत नाही, लाइट लावला की थर वरवर कडकही होतो. कळतं तेव्हा फिलिंग हातात आलेलं असतं. ॲसिटोनवाल्या बाटलीचं आणखी एक दुखणं: झाकण सैल राहिलं तर ॲसिटोन उडून जातं आणि उरलेला बाँड घट्ट होत जातो. ॲसिटोन 56 अंशांना उकळतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42–43 ला सहज जातो.

बाटलीवर लिहिलेलं असतं. काहींवर 2 ते 8 अंश, बऱ्याच बाटल्यांवर 2 ते 25. इंदुरात मार्चअखेर ते जून, एसी बंद केलेल्या क्लिनिकमध्ये रात्री 25 अंश कुठून येणार? म्हणजे फ्रिज हवाच. आणि फ्रिज आहे म्हटल्यावर सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी बाटली बाहेर काढून ठेवायची शिस्तही हवी. माझ्या असिस्टंटचं पहिलं काम तेच. दिवे नंतर लावले तरी चालतील.

साठा_वितरक
मॅडम, मी डेंटल मटेरियलचा व्यवसाय करतो, माळव्यातल्या गावांना माल जातो. आमच्या बाजूचं सांगतो. कंपनीकडून माल थर्मोकोलच्या खोक्यात, जेल पॅक घालून निघतो. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. इंदुरातून खरगोन, बडवाणी, झाबुआकडे पार्सल बसच्या टपावर जातं. मेमध्ये टपावरचा पत्रा हात लावू देत नाही. तिथे जेल पॅक कितीसा तग धरणार? आणि पार्सल ऑफिसात शनिवारी उतरलं तर सोमवारपर्यंत तिथेच.

आम्ही उन्हाळ्यात बाँड आणि सिमेंट रात्रीच्या गाडीनेच पाठवतो आणि डॉक्टरांना आधी फोन करतो. पण सगळे तसं करत नाहीत, आणि डॉक्टरही विचारत नाहीत. भाव विचारतात, एक्स्पायरी विचारतात. माल कसा आला हे विचारणारे फार थोडे. एक्स्पायरीची तारीख नीट ठेवलेल्या बाटलीसाठी असते, तापलेल्या बाटलीला ती लागू नाही, हे मी सांगून थकलो.

दंतशलाका
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पेशंटला तर सोडाच, आमच्यातल्या कित्येकांनाही हे माहीत नसतं. यापुढे मी बॉक्स घेतानाच हात लावून बघणार, आणि तापलेला असेल तर परत पाठवणार.

ग्वाल्हेरी
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात क्लिनिक आहे. आमच्याकडे उन्हाळा तुमच्यापेक्षा कडक, आणि हिवाळाही. जानेवारीत धुकं पडलं की सकाळी खोलीत बोटं वळत नाहीत. तेव्हा फ्रिजचा प्रश्नच येत नाही, टेबलावरची बाटलीच फ्रिजमधल्यासारखी असते. कंपोझिटची सिरिंज दाबली तरी मटेरियल येत नाही, आलं तर कडेला नीट बसत नाही, मागे खेचलं जातं.

मी हीटरवर कंपोझिट गरम करून वापरतो. 55–60 अंशांना ते छान मऊ होतं, कानाकोपऱ्यात बसतं. पण एक अनुभव सांगतो: उचलून दातात ठेवेपर्यंत ते गार झालेलं असतं. मग गरम करण्याचा उपयोग किती, हा माझा प्रश्न आहे.

एमडीएस_द्वितीय
सर, हे मोजलेलं आहे. हीटरवरून काढल्यावर दोन मिनिटांत निम्मी ऊब जाते, पाच मिनिटांत जवळजवळ सगळी. म्हणून असिस्टंटने भरलेली कॅप्सूल हातात द्यायची आणि लगेच दाबायची, असंच करावं लागतं. फायदा मुख्यतः कडेला नीट बसण्यात आहे. बाँडची ताकद त्याने फार वाढते असं मी म्हणणार नाही. फटी कमी राहतात, आणि फटी कमी म्हणजे पाणी शिरायला जागा कमी.

काचपाटी
तुम्हा मुलांचं वाचून बरं वाटलं. मी इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो तेव्हा बाँडिंग हा शब्द कोणी काढत नव्हतं. झिंक फॉस्फेट सिमेंट होतं. पूड आणि आम्ल काचेच्या जाड पाटीवर घोटायचं. त्या रसायनाला उष्णता सुटते. उन्हाळ्यात दुपारी पाटी तापलेली असली तर कॅप बसवायच्या आधीच सिमेंट दगड व्हायचं. म्हणून पाटी गार करून घ्यायची. गार पाटीवर पूडही जास्त मावते आणि सिमेंट मजबूत होतं. पण किती गार? पाटीवर दव धरलं की पाणी मिसळतं आणि सगळं बिघडतं. आमचे सर पाटी उजेडात तिरपी धरून बघायला लावायचे. काच धुरकट दिसली की पुसून पुन्हा थांबायचं.

ग्लास आयोनोमर, म्हणजे काचेची पूड आणि आम्ल यांचं सिमेंट, आलं (विल्सन आणि केंट यांचं, 1972 चं), तेव्हाही गार पाटीची सवय उपयोगी पडली. त्याचं प्रसरणही दाताच्या जवळचं आहे, आणि ते दाताच्या खनिजाशी स्वतःहून जोडलं जातं. रामबागकर, तुमच्या आईंच्या जागेसाठी, हिरडीलगत, जिथे इनॅमल नाही आणि ओल आवरत नाही, तिथे मी आजही ग्लास आयोनोमरचा विचार आधी करीन. दिसायला कंपोझिटइतकं सुरेख नसतं, पण सहसा निघून हातात येत नाही.

दंतशलाका
सर, नमस्कार. सुळ्याचा दर्शनी भाग आहे म्हणून मी रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर सुचवीन, रंग बरा जुळतो. बाकी तुमच्याशी पूर्ण सहमत. प्रसरणाचा गुणांक जुळणं हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो हल्ली विसरला जातो.

सयाजीगंज
बडोद्याहून. इथे पावसाळ्यात हवा इतकी दमट की पावलोपावली घाम. आमच्या डिपार्टमेंटमध्ये वाद चालतो की खोलीच्या तापमानाला केलेल्या चाचण्या तोंडाला लागू होतात का. तोंडात 35 अंशांच्या आसपास ऊब आणि शंभराच्या जवळ आर्द्रता. ऊब चांगली, दमटपणा वाईट. मग बेरीज काय?

दंतशलाका
बेरीज रबर डॅम. दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवला की श्वासाची वाफ बाहेर राहते, आणि दाताच्या पृष्ठभागाची ऊब बऱ्यापैकी टिकते. सॅनफोर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये तो वापरात आणला, म्हणजे बाँडिंगच्या नव्वद वर्षं आधी. मागच्या दाढांवर डॅमशिवाय बाँड लावणं मला तरी पटत नाही. पेशंट कुरकुरतात, पाच मिनिटांनी सवय होते.

आणि हवेबद्दल. बाँड लावून झाल्यावर कोमट हवा मारली तर द्रावक लवकर उडतं, विशेषतः इथेनॉल आणि पाणी असलेल्या बाटल्यांत त्याचा फायदा चाचण्यांत दिसलेला आहे. ॲसिटोन तसंही उडतंच. पण क्रम उलटा होऊ देऊ नका. बाँड लावायच्या आधीच डेंटिनवर कोरडी हवा मारली तर कोलॅजनची जाळी खाली बसते आणि मग बाँडला शिरायला वाट उरत नाही.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एक भाबडा प्रश्न: ऊब चांगली असेल तर दातच गरम करून बाँडिंग का करत नाहीत?

एमडीएस_द्वितीय
भाबडा नाही, पण उत्तर कडक आहे. दाताच्या आत पल्प आहे, जिवंत ऊती. झॅक आणि कोहेन यांनी 1965 मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं की आतलं तापमान 5.5 अंशांनी वाढलं तर सुमारे 15 टक्के दातांचा पल्प सावरू शकला नाही. म्हणून आम्ही ती मर्यादा कायम लक्षात ठेवतो. आताचे एलईडी लाइट इतके जोरदार आहेत की खोल खड्ड्यात नुसता लाइट धरून ठेवला तरी आत ऊब पोहोचते. मध्ये थांबावं लागतं, बाजूने हवा मारावी लागते. बाटली उबदार, हवा कोमट, पण दात सांभाळून.

तारांची_आई
माझ्या मुलीला ब्रेसेस लावल्या आहेत. दातांना चिकटवलेले ब्रॅकेट (तार धरणारे छोटे तुकडे) सारखे निघतात. तिला बर्फाचा गोळा फार आवडतो. थंडाने गोंद सुटतो म्हणून तिला रागावले. तेही चुकीचं का?

दंतशलाका
गोळा चोखून खाल्ला तर थंडाने ब्रॅकेट पडणार नाही. बर्फ कुडुमकुडुम चावला तर पडेल, पण ते चावण्याच्या जोराने. ब्रॅकेटचा बाँड मुळात कायमचा ठेवायचाच नसतो. 1975 पासून 6 ते 8 मेगापास्कल पुरेसे असा संकेत आहे. त्याहून फार घट्ट असेल तर काढताना इनॅमल निघायची भीती. तेव्हा बर्फ, भाजलेले चणे, उसाचं कांडं, कडक चिक्की यांवर बंदी, आणि गोळा चोखायला परवानगी. तरी एकाच दातावरचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघत असेल तर चावताना समोरचा दात त्यावर आपटतो का ते ऑर्थोच्या डॉक्टरांना बघायला सांगा.

रेणू_साखळी
उष्णतेने बाँड सोडवण्याचा उपयोगही करतात असं मी वाचलं आहे. सिरॅमिक ब्रॅकेट काढताना विजेच्या टोकाने तो क्षणभर तापवतात, खालचं रेझिन मऊ पडतं आणि ब्रॅकेट न तुटता सुटतो. यावरून कळेल, रेझिनला खरंच सैल करायला किती उष्णता लागते. ती चहाच्या कपात नसते.

रामबागकर
हे सगळं आईला वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे जातोय. त्यांचा अपमान न करता काय विचारावं?

दंतशलाका
सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. निघालेला तुकडा डबीत घालून बरोबर न्या आणि भिंगाखाली बघायला सांगा. त्यांना तो दाखवला की निम्मं बोलणं आपोआप होईल. जागा कोरडी कशी ठेवणार ते विचारा. डॅम बसत नसेल तिथे हिरडीत बारीक दोरा सारून ओल अडवतात. खालच्या कडेला इनॅमल आहे का, नसेल तर ग्लास आयोनोमरचा विचार करणार का, हे विचारा. चकचकीत झालेलं डेंटिन वरून हलकंसं खरवडून घेतात, तेही होईल ना म्हणून विचारा. आणि दाताची मान झिजली कशामुळे? आडवा ब्रश जोरात घासणं, रात्री दात करकरणं, आंबट फार खाणं, यातलं जे कारण असेल ते तसंच राहिलं तर कोणताही बाँड त्या जागी पुन्हा उघडा पडतो.

बाटली फ्रिजमधून कधी काढली हे पेशंटने विचारावं अशी माझी अपेक्षा नाही. ते आमचं काम. इथे वाचणाऱ्या डॉक्टरांनी उद्या सकाळी आपल्या फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवून बघावा. दाराच्या कप्प्यात बाटल्या ठेवत असाल तर तिथे किती अंश असतात ते दिवसातून दोनदा वाचा.

आणि फिलिंग झालं की पहिल्या दिवशी त्या बाजूने जपून खा, एवढंच. बाँड लाइट लावल्यावर लगेच धरतो, पण रेझिन कडक होण्याची क्रिया त्यानंतर 24 तासांपर्यंत चालू राहते. ग्लास आयोनोमर असेल तर त्यालाही पहिला दिवस महत्त्वाचा.

रामबागकर
आईचा प्रश्न: दुसऱ्या दिवशी चहा किती गरम चालेल?

काचपाटी
त्यांना नेहमी जितका लागतो तितका.

साठा_वितरक
रामबागकर, तुमच्या डॉक्टरांना कोणता ग्लास आयोनोमर हवा ते कळलं तर सांगा. ताज्या लॉटमधला, रात्रीच्या गाडीने आलेला बघून देतो.